लहू पेंटर आणि कंपनी

ईरा आणि निनाद,

परवा फोनवर तुम्ही दोघं माझ्या कानाशीच भांडलात. तुम्ही चुलत भावंडं मिळून लाकडी खेळण्यांचा धंदा काढताय, नाव ठरलंय, आणि त्या नावापुढे एलएलसी लावायचं की इन्कॉर्पोरेटेड, इथे गाडी अडली आहे. ईरा म्हणत होती, वकिलाला विचारू. निनाद म्हणाला, "शब्द कुठलाही लाव गं, काय फरक पडतो? दिसायला बरा असला म्हणजे झालं." मग तुम्ही माझं मत विचारलंत आणि मी म्हटलं, लिहून कळवते.

फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता. निनादचं हे वाक्य मी तरुणपणी अंबरनाथला इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही ते कानावर पडलं की माझं डोकं दुखू लागतं. ते म्हणणाऱ्या माणसाचं नाव लहू पेंटर. त्याच्याबद्दल मी तुमच्या आईवडिलांनाही कधी नीट सांगितलं नाही, कारण सांगायला बसलं की चिडचिड होते आणि गोष्ट अर्धी राहते. कागदावर चिडलं तरी वाक्य पूर्ण करता येतं, म्हणून आता लिहिते आहे.

देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी अंबरनाथच्या एका कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट होते. तुमच्या पणजोबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, आणि त्या कचेरीत मी एकटीच मुलगी. माझ्या टेबलावर व्यापारी कायद्याचं एक जाड इंग्रजी पुस्तक असे. ते मला कुणी वाचायला सांगितलं नव्हतं, मी आपणहून पाठ केलं. फर्म कशाला म्हणायचं, कंपनी कशाला, लिमिटेड कुणी लावायचं आणि कुणी लावायचं नाही, हे मला ठाऊक होतं. दुसरा चुकला की मला जेवण गोड लागत नसे. हा माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, तुमच्या पत्रांतल्या चुका लाल शाईनं परत आलेल्या तुम्ही पाहिल्या आहेत.

लहू बदलापूरचा, जुन्या कुळगावातला. चाळिशीचा, काटकुळा, दोन्ही कानांवर एकेक ब्रश. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मराठीही जेमतेम. पण लढाईच्या दिवसांत, अंबरनाथच्या शेजारी लष्कराची छावणी होती तेव्हा, त्यानं पत्र्याच्या साच्यांनी ट्रकांवर आणि बराकींवर अक्षरं मारायचं काम केलं होतं. त्यातून सव्वीसच्या सव्वीस अक्षरं त्याच्या हातात बसली. त्यांची नावं त्यानं स्वतःची ठेवली होती. ओ म्हणजे भाकर, एस म्हणजे नाग, बी म्हणजे पोटुशी. अँडचं जे वेटोळं असतं त्याला तो "मांडी घातलेला बुवा" म्हणायचा आणि त्याचे दोन अक्षरांचे पैसे घ्यायचा. का, विचारलं तर म्हणे, "त्याला कंबर हाय. काढून बघ तू."

पुढे त्याच बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहायला आली, छावणीचं उल्हासनगर झालं, आणि सामान सोडायच्या आधी त्यांनी धंदे सुरू केले. कुणी बिस्किटं, कुणी बटणं, कुणी साबण. प्रत्येकाला पाटी हवी, तीही इंग्रजीत. लहूला दिवस पुरेना.

तो पहिल्यांदा माझ्यासमोर आला तो कचेरीच्या दारांवर नावं घालायला. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाय, धंद्याला लावतात ते इंग्रजी शब्द हायेत ना, शेवटी लावायचे, ते समदे एका कागदावर मारून दे."

मला आनंद झाला. माणूस शिकू पाहतोय असं वाटलं. मी दोन संध्याकाळी खर्चून कागद तयार केला. डाव्या बाजूला शब्द: फर्म, कंपनी, लिमिटेड, कॉर्पोरेशन, एजन्सी, सिंडिकेट, ब्रदर्स, सन्स, असे सतरा. उजव्या बाजूला प्रत्येकाचा मराठी अर्थ, कोणी वापरावा आणि कोणी वापरू नये यासह. लहूनं कागद उजेडात धरला, मान हलवली, खिशातून कात्री काढली आणि उजवी बाजू कापून मला परत दिली.

"हे अर्थ आहेत," मी म्हटलं.

"हां. ते नको. अर्थ बघून कोण घेत नाय. जागा बघून घेतात."

जागा म्हणजे पाटीवरची जागा. लहूच्या पाट्या खोक्यांच्या फळ्यांच्या असत, जशी मिळेल तशी लांबी. नाव लिहून झालं की उजवीकडे जेवढं रिकामं उरेल तेवढ्या मापाचा शब्द तो माझ्या कागदावरून उचलायचा. थोडं उरलं तर फर्म. वीतभर उरलं तर एजन्सी. हातभर उरलं तर कॉर्पोरेशन. आणि लिमिटेडचा त्याला नुसता सोस होता. त्याचं आखूड रूप, टोकाला उचललेला छोटा डी आणि त्याखाली दोन टिंबं, हे त्याला लग्नातल्या मुंडावळ्यांसारखं वाटे. तो ते फुकट लावून द्यायचा.

त्या वर्षात मी कॅम्पच्या, म्हणजे उल्हासनगरच्या, बाजारातून चालत गेले की माझं काय होत असेल याची कल्पना करा. दोन पंप आणि एक पाण्याचं घमेलं घेऊन बसलेला सायकलवाला: सिंडिकेट. एक खुर्ची, एक आरसा: कॉर्पोरेशन. सरबतवाला तर लिमिटेड. मी लहूला रस्त्यात गाठून विचारलं, "सिंडिकेट म्हणजे अनेक व्यापाऱ्यांचा संघ. हा एकटा आहे."

"एकटा हाय, पण फळी सहा फुटाची व्हती."

त्याला रस्त्यात गाठणं सोपं असे, कारण तो रस्त्यातच असायचा. पाटी टांगली की समोर जाऊन भर रस्त्यात टाचांवर बसायचा, एक डोळा मिटायचा, हात लांब करून ब्रश आडवा धरायचा आणि पाटी वाकडी आहे का बघायचा. मागे हातगाड्या थांबायच्या. हमाल त्याच्या आईबापांचा उद्धार करायचे. तो हलत नसे.

एका शिंप्याला त्यानं अँड सन्स लावून दिलं. शिंप्याला तीन मुली. त्याची बायको संध्याकाळी कंबरेवर हात ठेवून लहूसमोर उभी राहिली. "सन्स माने बेटे ना? कहाँ हैं मेरे बेटे? सारा बाजार हँसता है।" मी नेमकी तिथे होते आणि मनातून खूश होते, की आता तरी हा अर्थाची बाजू मागेल. लहूनं शांतपणे तिघी मुलींकडे पाहिलं. थोरली मशीनवर बसली होती. "ही काय, हाय की," तो म्हणाला. "कापड कापते ती. सन्स म्हंजे कापणारा." आणि त्या बाईला ते पटलं. मला रात्रभर पटलं नाही.

चूक दाखवली तरी तो पाटी दुरुस्त करत नसे, हा खरा त्रास. खाडाखोड नाही, खरवडणं नाही. "ज्या ब्रशानं देवळात देव रंगवतो त्याच ब्रशानं नाव काढतो. एकदा लिवलं ते लिवलं." मी म्हणायची, मग आधी विचार करून लिहा. तो म्हणायचा, विचार तू कर, तुला पगार हाय त्याचा.

आता ईश्वरीबाईंचं सांगते.

ईश्वरीबाई पन्नाशीच्या, विधवा, सिंधहून एकट्या आलेल्या. पाच नंबरच्या कॅम्पात, अंबरनाथच्या बाजूला, बाजाराच्या कोपऱ्यावर लाकडी खोक्यावर बसून पापड आणि लोणचं विकायच्या. मला त्या "धीअ" म्हणत, त्यांच्या भाषेत मुलगी. सरकारनं बाजारातल्या खोक्यांच्या जागी पक्के गाळे द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा इंग्रजी अर्ज मी भरून दिला. मालक या रकान्यात मी नेमकेपणानं लिहिलं: एकमेव मालक, भागीदार नाहीत.

आठवड्यानं त्या अर्ज हातात घेऊन कचेरीच्या फाटकाशी आल्या. चेहरा उतरलेला. कॅम्पच्या कचेरीतला कारकून पाहणीला आला होता. त्यानं अर्ज पाहिला, मग मान वर करून पाटी पाहिली. लहूनं रंगवलेल्या त्या पाटीवर होतं, ईश्वरी अँड कंपनी. तो म्हणाला, अर्जात एकच माणूस आणि पाटीवर कंपनी. दोहोंपैकी एक खोटं आहे. सोमवारपर्यंत पाटी बदला किंवा भागीदार दाखवा, नाहीतर नंबर पुढच्याला जाईल. पुढचा नंबर शेजारच्या कापडवाल्याचा. तिघे दणकट भाऊ, आणि त्यांना तो कोपरा पहिल्यापासून हवा होता.

"गाळा गया तो मैं कहाँ बैठूँगी, धीअ?" त्या एवढंच म्हणाल्या.

मला लहूचा असा संताप आला की मी साहेबांकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि तडक कुळगावला त्याच्या घरी गेले. तो अंगणात फळीला रंगाचा पहिला हात देत होता. मी सगळं एका दमात सांगितलं आणि म्हटलं, आजच्या आज कंपनी खरवडून टाका.

"नाय," तो म्हणाला.

"तिचा गाळा जाईल."

"कागद बदल. कागद तुझा, चुकलाय."

"कागद बरोबर आहे. ती एकटी आहे. चूक तुमच्या पाटीची आहे. जागा उरली की वाट्टेल तो शब्द लावता आणि निस्तरायचं दुसऱ्यांनी."

लहूनं ब्रश डब्यात ठेवला. तो माझ्यावर कधी रागावला नव्हता, त्या दिवशी पहिल्यांदा रागावलेला पाहिला. "त्या पाटीवर जागा व्हती? नीट बघितलीस कधी? फळी आखूड व्हती, बाय. शेवटची अक्षरं एकमेकांच्या उरावर बसलीत. तू स्वतः मला बोललीस, दाटी झाली म्हणून."

हे खरं होतं. दाटीबद्दल मी त्याला चांगलंच बोलले होते.

"मंग कशाला लावली असेल? त्या म्हातारीनं मला भाऊ मानून सांगितलं, अदा, कंपनी लिखो. मागं कुणी नाय हे त्या तिघा भावांना कळलं तर आठ दिवसांत मला उठवतील. पाटी वाचून लोकांनी समजायचं, हिच्या मागं माणसं हायेत. मी अख्खी कंपनी बसवली त्या फळीवर. आन तू कागदावर लिवलंस, एकटी."

 त्याचं म्हणणं मला कळलं, पण माझी खोड जात नाही. "तरी ते खोटंच आहे," मी म्हटलं. "कंपनी म्हणायचं तर कायद्यानं निदान दोन माणसं हवीत."

"दोन पुरतात?"

"भागीदारीला दोन पुरतात."

"मंग एक ती, एक मी."

मी त्याला समजावलं की भागीदार म्हणजे नुसतं नाव नसतं, धंद्यात काहीतरी घालावं लागतं. तो म्हणाला, पाटी घातलीय की. मी म्हटलं, ऐका, हे लिमिटेड नाही, तुम्ही ज्याला मुंडावळ्या समजता ते नाही. लिमिटेड असतं तर धंदा बुडाल्यावर जेवढं घातलंत तेवढंच गेलं असतं. साध्या भागीदारीत तसं नसतं. धंदा बुडाला तर हे घरसुद्धा जाऊ शकतं, आणि मागचं भाताचं खाचरही.

लहूनं डब्यातला ब्रश उचलून फळीला आणखी एक हात दिला. घरातून त्याची बायको पारू बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"घर लिहून देतोस काय रं?"

"घर नाय गं. पाटी लिहून देतोय."

पारूनं माझ्याकडे पाहिलं. "आन बुडलं तर?"

"तर घरही जाऊ शकतं," मी म्हटलं. मला खोटं बोलता आलं नाही.

"ती कोपऱ्यावरची पापडवाली ना?" पारू म्हणाली. "ती नाय बुडायची. पापड खाल्लेत मी तिचं." आणि ती चुलीकडे परत गेली.

म्हणजे माझ्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण पारूनं एका पापडावर निकालात काढलं. मी स्टँपपेपर आणला आणि करारपत्र इंग्रजीत टाइप केलं. पहिल्या भागीदाराचं भांडवल: माल, बरण्या, तराजू. दुसऱ्या भागीदाराचं भांडवल: एक लाकडी पाटी, रंगवलेली, चार खिळ्यांसह. माझ्या आयुष्यात मी टाइप केलेलं हे सर्वांत लाजिरवाणं वाक्य आहे असं मला तेव्हा वाटलं.

सोमवारी आम्ही तिघं कॅम्पच्या कचेरीत गेलो. कारकुनानं करार वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. "हे भांडवल?" त्यानं विचारलं. मग लहूला विचारलं, "तू फर्ममध्ये काय करतोस?"

"पाटी माझी," लहू म्हणाला.

"ते वाचलं. काम काय करतोस?"

"पाटीवर लक्ष ठेवतो."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही इंग्रजी शिकलेल्या दिसता. पाटी भांडवल होऊ शकते?"

वर्षभर मी या माणसाला सांगत होते की तुम्ही शब्द वाट्टेल तिथे लावता. आता सरकारी टेबलासमोर उभं राहून मलाच सांगावं लागत होतं की यानं लावलेला शब्द योग्य आहे. मी पुस्तकातलं कलम तोंडपाठ म्हटलं. भांडवल पैशातच असावं असं नाही, वस्तू चालते, श्रम चालतात. माझे कान तापले होते. कारकून म्हणाला, "बरं. सही करा."

ईश्वरीबाईंनी त्यांच्या लिपीत सही केली. लहूनं कानावरचा बारीक ब्रश काढला आणि शाईच्या दौतीत बुडवला. कारकून म्हणाला, अंगठा चालेल. लहू म्हणाला, अंगठा कशाला, अक्षरं येतात. आणि मला म्हणाला, "बाय, माझं नाव इंग्रजीत कसं असतंय ते एकदा काढून दाखव." अख्ख्या कॅम्पाची नावं रंगवलेल्या या माणसाला स्वतःचं नाव कसं दिसतं ते माहीत नव्हतं. मी रद्दीच्या कागदावर लिहून दिलं. त्यानं ते करारावर उतरवायला अर्धा तास घेतला, ठळक, सावलीसकट. मागे रांग लागली होती. कारकुनानं डोकं हातात धरलं. मग शिक्का मारला, आणि कोपऱ्याचा गाळा ईश्वरी अँड कंपनीला मिळाला.

लहूमध्ये याने काही सुधारणा झाली असेल तर ती माझ्या दृष्टीस पडली नाही. उलट भागीदार झाल्यापासून तो असह्य झाला. दर दिवाळीला जाऊन पाटीवर नवा हात द्यायचा, आणि ईश्वरीबाईंना सांगायचा, बरण्या खाली घ्या, पाटी झाकते. नफ्याचा वाटा पापडांत घ्यायचा. मी तिकडून गेले की हाक मारायचा, "बाय, आपल्या कंपनीत येऊन जा." एकदा म्हणाला, उजवीकडे एक फळी जोडतो आणि लिमिटेड लावतो. मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं, की त्याला रीतसर नोंदणी लागते, आणि मग धंदा बुडाला तरी घर जात नाही.

"म्हंजे आता जातं?"

"जातं. तेव्हाच सांगितलं होतं."

त्यानं थोडा विचार केला. "ऱ्हाऊ दे मंग. फळीला परत खिळे लागतील."

तेवढ्या वर्षांत ते तिघे भाऊ ईश्वरीबाईंच्या वाटेला गेले नाहीत. एकदा त्यातला धाकटा त्यांना विचारत होता, तुमचे पार्टनर कुठले? ईश्वरीबाई पापड मोजता मोजता म्हणाल्या, "बदलापूर साइड के. बड़े जमीनवाले." मी ऐकलं आणि सवयीनं दुरुस्त करायला तोंड उघडलं. मग मिटलं.

माझं लग्न ठरलं आणि मी नाशिकला निघाले. सामान घेऊन टांगा बाजारातून चालला होता, तो कोपऱ्यावर अडला. पुढे दोन हातगाड्या, एक सायकल, शिव्या. मला न बघताच कळलं. लहू भर रस्त्यात टाचांवर बसला होता, एक डोळा मिटलेला, हात लांब, ब्रश आडवा. केस पांढरे झाले होते.

"लहूदादा, उठा. माझी गाडी चुकेल."

त्यानं मान वळवली नाही. "थांब बाय. वाकडी वाटतेय."

मी टांग्यातून वाकून पाहिलं. "वाकडी नाहीये."

"नक्की?"

"नक्की."

"तू सांगतेस म्हंजे नसंल," तो म्हणाला आणि गुडघ्यांवर हात देऊन उठला. टांगा पुढे गेला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

तो गेल्याचं ईश्वरीबाईंनी कुणाकडून तरी पत्र लिहवून कळवलं. पाटीचं आता काय करू, असं विचारलं होतं. मी नियमाप्रमाणे उत्तर पाठवलं: दोघांपैकी एक भागीदार वारला की फर्म संपते, तेव्हा पाटी बदलून घ्यावी. त्यांनी ती बदलली नाही. गाळा पुढे त्यांच्या पुतण्याकडे गेला, आता त्याच्या सुनेकडे आहे.

तेव्हा तुम्ही दोघं वकिलाला जरूर विचारा, आणि निनाद, शब्द लावण्याआधी त्याची उजवी बाजू वाच. मी दोन वर्षांपूर्वी तिकडे जाऊन आले. बाहेर मोठा फ्लेक्स आहे. आत, बरण्यांच्या वर, जुनी लाकडी पाटी चार खिळ्यांवर आहे. रंग ठीक आहे. शेवटची अक्षरं दाटीनं बसलेली आहेत.